साबणाने धुतलेली वजनं

चौथ्या सांगाड्यावरची सगळ्यांत खालची चकती चमकत होती. एवढंच आधी दिसलं, आणि हिसाएचा हात दिव्याच्या बटणावर तसाच राहिला. काळ्या लोखंडाची, लहान परातीएवढी वजनाची चकती — तिने चमकायचं काहीच कारण नव्हतं. तिच्यावर धूळ असते. राखाडी, मऊ, कडेला जरा दाट बसलेली धूळ, जिच्याकडे नुसतं बघूनच कळतं की इथे कुणाचं बोट लागलेलं नाही… ती धूळ नव्हती. वरच्या चकतीवर नव्हती, तिच्या वरच्यावर नव्हती, आणि सगळ्यांत वरच्या चकतीवर तर खिडकीतलं ऊन असं पडलं होतं की ती कालच दुकानातून आणली असावी.

पुसलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. वर्षअखेरची झाडलोट काल झाली, आणि मी नेमकी काल नव्हते. कुणीतरी वरवर फडकं फिरवलं असेल, आणि वरवर फिरवलं तर चालतं… पण खालच्या चकतीचा तळ पुसायचा तर वरच्या साऱ्या उतरवाव्या लागतात. म्हणून तिने गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि तळ पाहिला. तळही चमकत होता.

तिचं काम सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला जांभई येते. रबराच्या ठोकळ्यावर भार ठेवायचा आणि तो किती दबतो ते बघत बसायचं. पहिल्या क्षणी दबतो तो कुणालाही दिसतो. पण मग त्याच भाराखाली, भार गुंजभरही न वाढवता, तो दबतच राहतो — महिन्याला केसाच्या जाडीहूनही कमी, पण राहतो. साठ वर्षांनी तो किती दबलेला असेल हे ज्याला आज सांगायचं आहे त्याने एकच पथ्य पाळायचं : भार हलू द्यायचा नाही. कुरुमेत निम्मं गाव रबरावर जगतं, बूट करतं, टायर करतं, आणि हा कारखाना इमारतींच्या पायाखाली घालायचे ठोकळे करतो, भूकंप आला तर इमारत हलावी पण पडू नये म्हणून. चौथ्या सांगाड्यावरच्यासारख्याच ठोकळ्यांवर नदीपलीकडे इस्पितळ उभं राहायचं होतं.

भार चढवला तेव्हा तिचे केस काळे होते. इकेगामीसाहेब होते तेव्हा. त्यांनी आणि तिने मिळून एकेक चकती दोन्ही हातांनी उचलून, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी ठेवली होती, आणि शेवटची ठेवून झाल्यावर ते तिला नेहमीसारखी आडनावाने हाक मारत म्हणाले होते, "घाई असेल त्याने पोलादाकडे जावं, नागुमो. इथे आपल्या दोघांनाही पुरून उरेल एवढं काम आहे." त्यांना पुरून उरलंच. ते गेले, आणि हिसाए ही सारी सोळा वर्षं रोज सकाळी दिवा लावून आधी चौथ्या सांगाड्याचा काटा बघत आली. वादळात वीज गेली तेव्हा खोलीचं तापमान उतरू नये म्हणून रात्रभर शेगडीपाशी बसली. भूकंपाचे धक्के आले, नदीचं पाणी रस्त्यावर आलं, बाबांना अर्धांगाचा झटका आला… वजन कुणी हलवलं नाही. ना भूकंपाने, ना पुराने. हलवलं ते फडक्याने!

आणि मग तिला ती पाटी दिसली. सांगाड्याला चिकटवलेली तिची जुनी पाटी, पिवळी पडलेली, 'हात लावू नये' — ती तिथे नव्हती. तिच्या जागी कोरा पांढरा कागद होता, आणि त्यावर कुंचल्याने, जाडबारीक वळणांच्या देखण्या अक्षरात लिहिलं होतं : 'कृपया हात लावू नये.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कृपया!

"बघितलंत ना?" मागून आवाज आला. दाराशी शिराइशी उभी होती, स्वागतकक्षातली, हातात चहाची किटली. हिला गावातली प्रत्येक बातमी आधी कळते आणि पोटात एकही राहत नाही. "ओदाकासाहेबांचं अक्षर. काय वळण आहे! स्वतः केलं हो सगळं. बाह्या सरसावल्या, कपाळाला पंचा बांधला, आणि एकेक वजन पोटाशी धरून बाहेरच्या नळावर. मी म्हटलं, साहेब, कंबर धरेल. तर म्हणतात, धरू दे, नागुमोसानची रोजच धरते ना."

"नळावर?" हिसाए म्हणाली.

"मग! साबण लावून. भिंतीला ओळीने उन्हात वाळत ठेवली होती, अगदी लोणच्याच्या मुळ्यांसारखी. आम्ही फोटो काढले. दाखवू?"

"नको."

"तुम्हाला बरं नाही का? चेहरा कसा झालाय…"

"बरं आहे," ती म्हणाली. हेच. हेच ते. बरं आहे, चालेल, काही नाही, हरकत नाही — तोंडात जीभ नाही, नुसत्या या चार गोळ्या आहेत, आणि कुणी विचारलं की त्यातली एक बाहेर पडते. आत्ता मी त्या पाटीचे तुकडे करून हिच्या किटलीत टाकायला हवे होते. शिराइशी तिला चहा ओतून देऊन पुढच्या खोलीत गेली आणि हिसाएने तो सावकाश पिऊनसुद्धा टाकला.

संगणकाच्या पडद्यावर रेष होती. सोळा वर्षांची, आधी झपकन उतरलेली, मग उतरता उतरता जवळपास आडवी झालेली. आणि अगदी शेवटी, कालच्या दुपारी, एक दात. रेष सरळ वर गेली होती. भार उतरताच ठोकळा उसळला होता, बराचसा एका दमात, आणि मग वजनं उन्हात वाळत होती तेवढा वेळ हळूहळू, जरा जरा वर येत राहिला होता… पूर्ण नाही. पूर्ण तो कधीच आला नसता, वर्षभर मोकळा सोडला असता तरी. काही भाग उठतो, काही उशिराने उठतो, आणि काही उठतच नाही. हे ती नव्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते. पण या ठोकळ्याला तिने सोळा वर्षांत मोकळा पाहिला नव्हता. काल तो मोकळा होता तेव्हा ती इस्पितळाच्या बाकावर बाबांचा नंबर पुकारण्याची वाट बघत होती, आणि ज्याने त्याला मोकळा पाहिला तो गाढव साबणाचा फेस बघत होता! तिला स्वतःचंच नवल वाटलं. हा राग चूक झाल्याचा नव्हता फक्त. तिच्या माणसाला तिच्या माघारी कुणीतरी भेटून गेल्याचा होता.

ओदाका, तिचा नवा साहेब, वर्षाच्या मध्यावर विक्री विभागातून बदलून आला होता, आणि माणूस वाईट नव्हता. सगळा घोळ तिथेच होता. ती त्याच्या खोलीत गेली.

"नागुमोसान! बाबांची तब्येत कशी आहे?" हे त्याने आधी विचारलं, उभा राहून विचारलं.

"ठीक आहे. साहेब, चौथ्या सांगाड्यावरची वजनं —"

"दिसली ना?" त्याचा चेहरा खुलला. "अहो काय ती धूळ! मी म्हटलं, नागुमोसान एकट्या, घरी वडिलांचं करतात, इथलं सांभाळतात, त्यांना कुठून सवड. आणि घाण घेऊन नव्या वर्षात जायचं म्हणजे… परत ठेवताना एक चकती मागेपुढे नाही हां. खडूने आकडे टाकले होते."

"भार हलवायचा नव्हता, साहेब."

एवढंच ती म्हणाली, आणि तेही असं, की जणू तिचीच काही चूक सांगते आहे. मग तिने समजावून सांगितलं. ओदाकाचा रंग उतरत गेला, आणि तो टेबलामागून बाहेर आला, आणि कमरेत वाकला — खोल, इतका खोल की त्याच्या टाळूवरचा केसांचा भोवरा तिला दिसला — आणि तसाच वाकून राहिला. आता यावर काय करायचं? वाकलेल्या माणसावर ओरडता येत नाही. त्याच्या त्या वाकण्याने सगळी खोली भरून गेली आणि तिच्या रागाला उभं राहायला टीचभर जागा उरली नाही, उलट तीच घाईघाईने म्हणाली, "असू दे, असू दे, साहेब, सरळ व्हा."

तो सरळ झाला. आणि सरळ झाल्याबरोबर त्याचं डोकंही चालू लागलं.

"पण तेवढंच वजन परत ठेवलंय ना. मग ती रेष… परत येईल ना जागेवर?"

"येईल," हिसाए म्हणाली.

कारण येणार होती. आज सकाळीच काटा जुन्या जागेपासून जरासाच वर होता, आणि पंधरा दिवसांत तो जुन्या रेषेला असा मिळाला असता की वेगळा ओळखू येऊ नये. तिचंच शास्त्र होतं ते.

"मग झालं तर!" ओदाकाने छातीवर हात ठेवला. "घाबरवलंत हो. तेवढे दोन तास गाळायचे आणि रेष जोडून टाकायची. इस्पितळवाल्यांना वसंतात अहवाल द्यायचाय. दात दाखवला तर शंभर प्रश्न, पुन्हा चाचण्या, त्यांचं काम अडणार, आपलं नाव जाणार. पाच तारखेला कामावर आलात की अहवालावर तुमच्या नावाचा शिक्का मारा, बाकी मी बघतो. तुम्हीच सांगा, नागुमोसान, यात कुणाचं नुकसान आहे का?"

नव्हतं. तेच तर! इस्पितळ पडणार नव्हतं, रुग्ण मरणार नव्हते, साठ वर्षांनंतरचा आकडा होता तोच येणार होता. बोट दाखवून 'हा बघा, याचं नुकसान' म्हणावं असं कुणी नव्हतं. फक्त ते घडलं होतं. काल दुपारी ते घडलं होतं, आणि रेष जागेवर परत आली म्हणून ते घडलं नाही असं होत नाही, एवढं साधं वाक्य होतं, आणि ते तिच्या तोंडून निघालं नाही. तिने मान डोलावली. होकार म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. पण ओदाकाला जे हवं होतं ते त्याने त्यात पाहिलं.

दुपारी सगळे खाली जमले. भाजलेला माकुळ, बिअर, साहेबांचं भाषण. "या वर्षीची झाडलोट माझ्या कायम लक्षात राहील," ओदाका म्हणाला आणि बाकीचे हसले. मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी मिळून एकच टाळी वाजवली, वर्ष मिटवून टाकणारी. हिसाएचेही हात एकमेकांवर आपटले, बाकीच्यांच्या बरोबर, क्षणाचाही उशीर न होता. तिला ते हात तोडून टाकावेसे वाटले.

घरी बाबा तयार बसले होते. सकाळीच तिने त्यांची दाढी केली होती, नखं कापली होती, नवा बनियन घातला होता, कारण आज दादा येणार होता, हिरोशिमाहून, गाडी घेऊन. यासुनोरी, थोरला, वंशाचा दिवा. दहा दिवस बाबांना नेणार होता — नव्या वर्षासाठी, आणि मुख्य म्हणजे हिसाएला आराम मिळावा म्हणून. हे 'आराम मिळावा म्हणून' त्याने फोनवर इतक्यांदा म्हटलं होतं, की आराम नावाची कुणी बाई पाहुणी येणार आहे असं वाटावं.

तो आला तो बूट काढता काढताच म्हणाला, "काय गं, केवढी वाळलीस! बाबा, आणि तुम्ही तर एकदम चकाचक!"

झटक्यापासून बाबा कमीच बोलतात. बोलतात ते स्पष्ट, पण एकेक शब्द वर ओढून आणल्यासारखं.

"दादा, खाऊन निघणार ना?"

"नको नको, वाटेत घेऊ. तू आता काडीलाही हात लावायचा नाहीस. दहा दिवस नुसती लोळ. हे बघ, तुझ्या वहिनीने गरम झऱ्यांची पत्रकं पाठवलीत, जा एखाद्या ठिकाणी, शेकून घे अंग. चार तारखेला आणून सोडतो की झालं!"

"उपकार झाले, दादा." तिने मान लववली.

"उपकार कसले? माझेही वडील आहेतच की."

आहेतच की! दात कोरून कुणाचं पोट भरलंय कधी? दहा दिवस मोकळी सोडायची, आणि मग तेवढंच, तोळाभरही कमी न करता, परत ठेवायचं; आणि रेष जागेवर येईल ना? येईल. येईल, दादा. मी येईन. पंधरा दिवसांत अशी येईन की कुणाला कळणारही नाही मधे काही झालं होतं… तू तिकडे वहिनीला सांगशील, हिसाए अगदी ताजीतवानी झाली, आणि पुढच्या वर्षअखेरीपर्यंत मनाने मोकळा होशील.

दादाने बाबांना काखेत हात घालून उचललं. "असं नाही!" हिसाए ओरडली, "समोरून, मिठीत घेऊन, आधी त्यांचा चांगला पाय टेकव —" "तुझी शास्त्रं तुझ्यापाशी," दादा हसत म्हणाला, आणि बाबांचा उजवा हात दाराच्या चौकटीला गच्च धरून राहिलेला तिने पाहिला. सवयीने तिने बोटं सोडवली. एकेक करून, हळूच, दुखू नये म्हणून. आणि गाडी गेली.

घर रिकामं झालं. आधी खांदे उठले, लगेच, आपोआप; कुणीतरी वरून हात काढून घेतल्यासारखे. मग बऱ्याच वेळाने, ती नुसती बसून असताना, पाठ थोडी. त्यापुढे काही उठलं नाही. तिने वाट पाहिली. मग तिने ती गरम झऱ्यांची पत्रकं घेतली — वाफेत बसलेल्या, डोक्यावर पंचा ठेवून हसणाऱ्या बायका — आणि फाडली, दोनदा, चारदा, बोटांत मावेनात इतके तुकडे होईपर्यंत, आणि मोठ्याने, रिकाम्या घरात, ओदाकाला एक शिवी घातली, दादाला एक घातली, आणि तिसरी कुणाला घालायची हे ठरेना म्हणून थांबली. आवाज तिचाच होता. बराच जाड होता.

फोन वाजला तेव्हा बाहेर अजून उजेड होता.

"हिसाए? मी गं. खाडीच्या पुलाआधी जरा थांबलोय. बाबा काही खायला तयार नाहीत. मघापासून एकच — हिसाए रागावलीय का, हिसाए रागावलीय का. तूच सांग बाई त्यांना, नाही म्हणून. देतो हां."

खरखर झाली. मोठ्या गाड्या जात होत्या. मग बाबांचा श्वास, जो तिला शेकडो श्वासांतून ओळखता आला असता.

"हिसाए."

"हं, बाबा."

"राग… आलाय?"

'नाही' तयार होतं. जिभेच्या टोकाशी, रोजच्यासारखं, गुळगुळीत. नाही हो बाबा, कशाचा राग, तुम्ही खाऊन घ्या बघू… ते पडणारच होतं बाहेर. तिने दात मिटले. ते आत राहिलं, आणि त्याच्यामागून दुसरंच काही आलं, जे कुठे होतं तिला माहीत नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "आलाय. खूप आलाय, बाबा."

आता रडतील. आता दादा फोन हिसकावेल आणि म्हणेल, काय हे, म्हाताऱ्या माणसाला… पण पलीकडे तसं काही झालं नाही. एक मालट्रक गेला, दुसरा गेला.

"मलाही," बाबा म्हणाले.

आणि मग, ओढून ओढून, एकेक शब्द, "मला… कुणी… विचारलं?"

"काय म्हणाली?" लांबून दादाचा आवाज आला. "नाही म्हणाली ना? बघा, मी म्हटलं होतं —" आणि फोन बंद झाला.

ती उभी राहिली. कुणी विचारलं… दादाने नाही. तो विचारणाऱ्यांतला नव्हेच. पण दाढी करताना बाबांचा गाल तिच्या बोटांखाली होता, त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांपासून वीतभर होते, आणि तिनेही विचारलं नव्हतं. तुम्हाला जायचंय का, किंवा नुसतं, तुम्हाला कसं वाटतंय. किती वर्षं ती त्यांना उचलत होती, आणि उचललं जाणं कसं असतं हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिला वाटत होतं, या घरात रागवायचा हक्क असला तर तो एकट्या तिचा, आणि तोही न वापरलेला. तर शेजारच्या अंथरुणावर आणखी एक माणूस तेवढाच राग उशाशी घेऊन पडला होता, आणि दोघं एकमेकांना सकाळ-संध्याकाळ 'बरं आहे' सांगत होती.

राग गेला नाही. कमीसुद्धा झाला नाही. पाच तारखेला ओदाका शिक्का मागेल तेव्हा तोंडातून काय निघेल हे तिला सांगता आलं नसतं; एवढंच, की मघाशी जे 'नाही' आत राहिलं ते अजून बाहेर पडलं नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. बाहेर उजेड उतरत होता. तिला बाबांशी भांडावंसं वाटत होतं, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांना अंथरुणावर नीट बसवून, समोर बसून, आवाज चढवून, बरोबरीच्या माणसाशी भांडतात तसं. आणि ते तर एव्हाना पुलावर असतील.